विस्तारा आणि एअर इंडियाचं विलीनीकरण: नेहमीच्या प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्याचा. कारखान्यांतल्या बॉयलरच्या देखभालीचं काम करतो आणि त्यापायी २०१६ पासून महिन्यातून चार-पाच वेळा तरी मुंबई-दिल्ली विमानाने जाणं होतं. त्यातले बहुतेक प्रवास विस्ताराने झाले. कंपनी एअर इंडियात विलीन झाल्यापासून ऑफिसातले सहकारी, नातेवाईक, अगदी लाउंजमध्ये शेजारी बसलेले अनोळखी प्रवासीसुद्धा मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. काही प्रश्न हिशेबाचे आहेत, काही मनाचे. दोन्ही खरे आहेत, म्हणून दोन्ही घेतले.

विस्तारा नेमकी बंद कधी झाली?

विस्ताराच्या नावाने शेवटची विमानं उडाली ती सोमवारी, ११ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री. देशांतर्गत शेवटचं मुंबईहून दिल्लीला, आंतरराष्ट्रीय शेवटचं दिल्लीहून सिंगापूरला. १२ तारखेपासून सगळं एअर इंडिया. तो कार्तिकी एकादशीचा दिवस होता. पहिलं उड्डाण होतं ९ जानेवारी २०१५ चं, दिल्ली ते मुंबई. म्हणजे दहा वर्षं पुरी व्हायला दोन महिने कमी पडले.

एअर इंडियाने विस्तारा विकत घेतली का?

असं सरसकट म्हटलं जातं, पण व्यवहार तसा नव्हता. विस्तारा ही दोघांची कंपनी होती: टाटा सन्सचे ५१ टक्के, सिंगापूर एअरलाइन्सचे ४९ टक्के. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया सरकारकडून टाटांकडे आली. त्यामुळे टाटांच्या घरात एकाच धंद्याच्या दोन चुली झाल्या. २९ नोव्हेंबर २०२२ ला दोघांनी ठरवलं की विस्तारा एअर इंडियात मिसळायची, सिंगापूर एअरलाइन्सने वर २,०५८.५ कोटी रुपये घालायचे आणि एकत्र कंपनीत २५.१ टक्के हिस्सा घ्यायचा. म्हणजे सिंगापूरवाले निघून गेले नाहीत. आधी त्यांचा लहान कंपनीत मोठा वाटा होता, आता मोठ्या कंपनीत लहान वाटा आहे. पुढची दोन वर्षं परवानग्यांत गेली: सप्टेंबर २०२३ मध्ये स्पर्धा आयोग, जून २०२४ मध्ये कंपनी कायदा लवाद आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस परकीय गुंतवणुकीसाठी केंद्र सरकार.

एवढी चांगली चाललेली कंपनी का मिटवली?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आणि दर वेळी त्यात एक कळवळा असतो. प्रवासी म्हणून आपण कंपनी ओळखतो ती खुर्चीवरून, जेवणावरून, विमान वेळेवर सुटतं का त्यावरून. मालक ओळखतो ती ताळेबंदावरून. विस्ताराने पहिली बरीच वर्षं तोटाच सोसला. तिला पहिल्यांदा तिमाही नफा दिसला तो ऑक्टोबर-डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे विलीनीकरणाचा निर्णय जाहीर झाला त्याच तिमाहीत.

दुसरं कारण आकाराचं. विस्ताराकडे शेवटी सुमारे ७० विमानं होती. समोर इंडिगो, जिच्याकडे देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त. मुंबईच्या विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या वेळा मिळणं किती अवघड आहे ते इथून नेहमी जाणाऱ्याला सांगायला नको. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. अशा ठिकाणी एकाच मालकाच्या दोन कंपन्यांनी दिल्लीला जाणारी विमानं अर्ध्या-अर्ध्या तासाने सोडून एकमेकींचे प्रवासी ओढायचे, यात मालकाचं काहीच हित नव्हतं. लांब पल्ल्याचे परदेशी मार्ग, परदेशी विमानतळांवरच्या जागा आणि स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटाचं सदस्यत्व हे सगळं एअर इंडियाकडे होतं. विस्ताराकडे होती सेवेची घडी. दोन्ही एकत्र आणावं असं वाटणं साहजिक आहे.

मला निर्णय पटतो. दुःख वेगळं, ते खाली लिहिलं आहे.

क्लब विस्ताराच्या पॉइंट्सचं काय झालं? बुडाले का?

बुडाले नाहीत. क्लब विस्तारा ही नेहमीच्या प्रवाशांना प्रवासागणिक पॉइंट देणारी विस्ताराची योजना. तिच्या एका पॉइंटला, म्हणजे सीव्ही पॉइंटला, एक महाराजा पॉइंट, या हिशेबाने सगळे हलवले गेले. एअर इंडियाच्या फ्लाइंग रिटर्न्स या तशाच जुन्या योजनेचं नाव त्याच वेळी महाराजा क्लब झालं. क्लब विस्ताराचे ४५ लाखांहून अधिक सदस्य तिकडे गेले.

पण एकास एक म्हटलं की लोक लगेच निश्चिंत होतात. तिथे थोडं थांबा. पॉइंट म्हणजे रुपया नव्हे. रुपयाची किंमत बाजारात ठरते, पॉइंटची किंमत देणारा ठरवतो. तुमच्या खात्यात २०,००० होते आणि २०,०००च आले, हे आकडे बरोबर आहेत. त्या २०,००० मध्ये आधी कोणतं तिकीट यायचं आणि आता कोणतं येतं, हा खरा हिशेब. तो मार्गागणिक, तारखेगणिक बदलतो. मी विलीनीकरणाच्या आधी एका वहीत माझ्या नेहमीच्या पाच मार्गांसाठी किती सीव्ही पॉइंट लागतात ते लिहून ठेवलं होतं आणि नंतर त्याच मार्गांचे महाराजा पॉइंट शेजारच्या रकान्यात मांडले. काही ठिकाणी फायदा दिसला, काही ठिकाणी तोटा. दुसऱ्या कुणाच्या तक्त्यावर विसंबू नका, स्वतःच्या मार्गांचा स्वतः काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

विस्ताराचे पॉइंट्स जपून ठेवून जे आता परदेशी जाऊ बघतात, त्यांच्या दृष्टीने मात्र दार मोठं झालं. स्टार अलायन्समधल्या कंपन्यांच्या विमानांत हेच पॉइंट वापरता येतात. क्लब विस्ताराच्या परदेशी भागीदारांची यादी त्यामानाने फार लहान होती.

माझं गोल्ड स्टेटस राहिलं का?

राहिलं, आणि खरं सांगायचं तर वाढलं. क्लब विस्तारात बेस, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या होत्या. महाराजा क्लबमध्ये रेड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. विस्तारा कुठल्याच जागतिक गटात नव्हती, त्यामुळे तिथलं गोल्ड कार्ड परदेशी विमानतळावर फारसं कामाचं नसायचं. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. महाराजा क्लबचा गोल्ड किंवा प्लॅटिनम सदस्य हा स्टार अलायन्सचाही गोल्ड मानला जातो. लुफ्थान्सा असो, सिंगापूर असो, चेक-इनची वेगळी रांग, जास्तीचं सामान आणि लाउंज मिळतं.

माझ्या ओळखीतले एक गृहस्थ पुण्याहून वर्षातून दोनदा जर्मनीला मुलीकडे जातात. विस्ताराचं गोल्ड गेल्याचं त्यांना फार लागलं होतं. मग फ्रँकफर्टच्या लाउंजमध्ये त्याच स्टेटसवर आत सोडलं तेव्हा त्यांनी तिथूनच मला फोन केला.

माझी दोन्हीकडे खाती होती. नावात फरक होता. त्याचा त्रास झाला का?

हा प्रश्न खास आपल्याकडचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठी माणसाच्या नावाचे तीन भाग. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. आधार कार्डावर तिन्ही एका ओळीत. ऑफिसातून तिकीट काढणारा मुलगा मधलं नाव गाळतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर माहेरचं एक, सासरचं एक, शिवाय पासपोर्टचं नूतनीकरण झालं नसेल तर तिसरंच. दोन कंपन्यांची खाती जुळवताना संगणक हेच तपासतो: नाव, जन्मतारीख, ईमेल, मोबाइल. एका ठिकाणी ‘वाय’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘आय’ असला तरी त्याच्या लेखी ती दोन माणसं.

माझ्या एका खात्यात वडिलांचं नाव होतं, दुसऱ्यात नव्हतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विलीनीकरणाची तारीख जाहीर झाली त्याच आठवड्यात मी दोन्हीकडे पासपोर्टप्रमाणे नाव करून घेतलं. बायकोच्या खात्यात लग्नाआधीचा ईमेल होता, तोही बदलला. त्यामुळे आमच्या घरात त्रास झाला नाही. ज्यांनी केलं नव्हतं त्यांना नंतर कागदपत्रं जोडून विनंती करावी लागली.

अजूनही कुठल्याही कंपनीच्या खात्यात नाव पासपोर्टशी जुळत नसेल तर आज दुरुस्त करा. घाई नसते तेव्हाच हे काम लवकर होतं.

११ नोव्हेंबरच्या पुढचं विस्ताराचं तिकीट काढलेल्यांचं काय झालं?

३ सप्टेंबर २०२४ पासून १२ नोव्हेंबर आणि पुढच्या तारखांचं बुकिंग विस्ताराकडे घेणं टप्प्याटप्प्याने बंद झालं. त्याआधीच काढलेली तिकिटं एअर इंडियाच्या क्रमांकावर वळवली. अडीच लाखांहून अधिक प्रवाशांची तिकिटं अशी बदलली. विमान तेच, वेळ तीच, पीएनआर नवा. नव्या पीएनआरचा मेल स्पॅममध्ये गेला म्हणून विमानतळावर येऊन घाबरलेले काका-काकू मी स्वतः पाहिलेत. काउंटरवर त्यांना दोन मिनिटांत पास मिळाला.

विस्तारासाठी लोक इतके हळवे का झाले? शेवटी एक विमान कंपनीच ना?

याचं उत्तर मी माझ्यापुरतंच देऊ शकतो.

२०१९ मध्ये आईला पहिल्यांदा विमानाने नेलं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. मावशीच्या नातवाचं लग्न दिल्लीला. राजधानी एक्स्प्रेसने जाऊ असं ती म्हणत होती, कारण तिथे पाय लांब करून झोपता येतं. मी प्रीमियम इकॉनॉमीची दोन तिकिटं काढली. देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला हा वर्ग भारतात विस्तारानेच आणला. खुर्ची थोडी रुंद, पुढे पाय पसरायला जागा. आईला व्हीलचेअरवरून दारापर्यंत आणलं. दारात उभ्या मुलीने यादीतलं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत म्हणाली, “या आजी, सावकाश. उजवा पाय आधी.” कोणता गुडघा दुखतोय हे तिने आईच्या चालण्यावरून ओळखलं होतं.

विमान वर गेल्यावर तीच मुलगी एक उशी घेऊन आली, आईच्या पोटरीखाली ठेवली आणि विचारलं, “आता बरं वाटतंय?” आई पुढची कित्येक वर्षं ही गोष्ट सांगत राहिली. लग्नातलं जेवण तिला आठवत नाही, उशी आठवते.

यात मोठा खर्च नव्हता. दुसऱ्या कंपनीत अशी मुलगी नसतेच असंही मला म्हणायचं नाही. पण विस्तारात ती महिन्यातून चार वेळा भेटायची, वेगवेगळ्या चेहऱ्यांनी. जांभळट वांगी रंगाचा गणवेश, टाटांच्याच भागीदारीतली स्टारबक्सची कॉफी, तिसऱ्या ओळीतल्या माणसाशी बोलताना गुडघ्यात वाकून त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येणं. सवयीच्या प्रवाशाला रोज एकसारखी मिळणारी वागणूक हीच चैन असते. पहाटे साडेतीनला उठून, ठाण्याहून टॅक्सीने टर्मिनल दोनला पोचून, दिल्लीत दहा तास उभ्याने काम करून रात्री परत येणाऱ्या माणसाला नवल नको असतं. आज जसं होतं तसंच उद्या मिळावं, एवढंच हवं असतं.

११ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मी दिल्लीहून मुंबईला आलो. मुद्दाम काढलेलं तिकीट नव्हतं, कामच त्या दिवशी संपलं. विमान उतरून एरोब्रिजला लागलं तरी लोक लगेच उठून सामान काढायला लागले नाहीत. एरवी चाकं टेकताच पट्टे सुटल्याचे आवाज येतात. त्या दिवशी पुढच्या चार-पाच ओळींतले बहुतेक नेहमीचेच प्रवासी असावेत. दारात उभ्या असलेल्या मुलाचा हात प्रत्येकाने हातात घेतला. तो म्हणाला, “सर, आम्ही इथेच आहोत, फक्त नाव बदलतंय.” त्याने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं आणि ते खरंही होतं. त्याचे डोळे मात्र भरले होते.

एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराची विमानं धडाधड रद्द झाली, ते विलीनीकरणामुळेच का?

हो. नव्या वेतनरचनेत वैमानिकांना महिन्याला ७० ऐवजी ४० तासांच्या उड्डाणाचाच ठरलेला पगार मिळणार होता. एअर इंडियाच्या रचनेशी जुळवून घेण्यासाठी तो बदल केला जात होता. अनेक वैमानिक एकाच वेळी आजारी रजेवर गेले. मार्चअखेरीस आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शंभराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. मग कंपनीने स्वतःच रोजची पंचवीस-तीस उड्डाणं, म्हणजे सुमारे दहा टक्के, कमी केली आणि घडी बसवली.

दोन कंपन्या एकत्र येताना आपण प्रवासी रंग आणि पॉइंट्सकडे बघतो. खरी अडचण नेहमी माणसांच्या ज्येष्ठतेत आणि पगारात असते. पुढच्या प्रश्नात याचा मोठा दाखला आहे.

आपल्याकडे आधीची विलीनीकरणं कशी झाली होती?

२००७ हे वर्ष आठवा. त्या एका वर्षात भारतीय विमान उद्योगात तीन सोयरिकी जुळल्या. जेट एअरवेजने १,४५० कोटींना एअर सहारा घेऊन तिचं जेटलाइट केलं. किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला आणि पुढे ती पूर्ण गिळली. सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या.

तिसऱ्याचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. कागदावर कंपन्या २००७ मध्ये एक झाल्या, पण इंडियन एअरलाइन्सच्या विमानांना ‘आयसी’ हा जुना कोड २०११ पर्यंत लागत होता. दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांच्या ज्येष्ठतेचा, बढत्यांचा आणि पगाराचा गुंता सोडवायला २०११ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला, म्हणजे लग्न लागून चार वर्षं उलटल्यावर. त्या काळात जे नियमित उडत होते त्यांना संप, रद्द झालेली विमानं आणि ‘हे आमचं काम नाही, पलीकडच्या काउंटरला विचारा’ हे सगळं आठवत असेल.

त्याच्याशी तुलना केली तर विस्ताराचं विलीनीकरण एका रात्रीत आणि बऱ्याच नीटसपणे पार पडलं, हे श्रेय द्यायलाच हवं. ११ तारखेच्या रात्री दोह्याहून मुंबईला निघालेलं एआय २२८६ हे एकत्र कंपनीचं पहिलं उड्डाण. सकाळी मुंबईत लोक नेहमीसारखे रांगेत उभे होते.

आणि पॉइंट्सच्या बाबतीत? किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या किंग क्लब योजनेच्या माइल्सना, म्हणजे पॉइंट्सना, काही अर्थ उरला नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. पण जेटची पॉइंट्सची योजना चालवणारी जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी होती, तिच्यात अबू धाबीच्या एतिहाद एअरवेजचा निम्म्याहून अधिक हिस्सा होता. म्हणून विमानं जमिनीवर आली तरी माइल्स शिल्लक राहिले. त्याच वर्षी तिचं नाव इंटरमाइल्स झालं. सदस्यांना जेटचं विमान मिळालं नाही, पण दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं, हॉटेलं घेता आली. जेटचं दिवाळं काढून मालमत्ता विकण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला ७ नोव्हेंबर २०२४ ला, विस्ताराच्या शेवटच्या उड्डाणाच्या चार दिवस आधी. मुंबईत वाढलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने तो आठवडा जड होता.

आता विस्ताराचं जुनं विमान कसं ओळखायचं?

तिकीट काढताना क्रमांक बघा. विस्ताराच्या ‘यूके’ क्रमांकांना पुढे २ लावून एअर इंडियाचे क्रमांक केले गेले. यूके ९८६ चं झालं एआय २९८६. चार आकडी आणि २ ने सुरू होणारा क्रमांक हा विस्ताराच्या ताफ्याचा, अशी ती खूण होती. विमानं हळूहळू दोन्हीकडे फिरू लागली की ही खूण पातळ होत जाते, म्हणून सीटचा नकाशाही उघडून बघावा. लांब पल्ल्याला आणखी एक खूण: विलीनीकरणाच्या वेळी एअर इंडियाचे सगळे जुने ड्रीमलायनर, म्हणजे बोइंगची मोठी विमानं, ७८७-८ होते, विस्ताराचे ७८७-९.

पुणे-सिंगापूर विमान विस्ताराचंच होतं ना?

होय. डिसेंबर २०२२ मध्ये विस्ताराने ते सुरू केलं तेव्हा पुणेकरांना फार आनंद झाला होता. मुंबईला जाऊन, घाटात अडकून, मग परदेशी विमान पकडण्याचा द्राविडी प्राणायाम वाचला. विलीनीकरणानंतर ते एअर इंडियाकडे गेलं. जून २०२५ मध्ये एअर इंडियाने जी उड्डाणं तात्पुरती थांबवली त्यांत हेही होतं. पुण्याच्या प्रवाशांनी तिकीट काढण्याआधी चालू वेळापत्रक पाहून घ्यावं.

अहमदाबादच्या अपघाताचा विलीनीकरणाशी संबंध आहे का?

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडन गॅटविकला निघालेलं एआय १७१ कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरचे १९ जण गेले. ते विमान एअर इंडियाच्या जुन्या ताफ्यातलं ७८७-८ होतं, विस्ताराकडे ते कधीच नव्हतं. एवढीच वस्तुस्थिती मी सांगू शकतो. ‘विस्तारा असती तर’ असली वाक्यं मी लाउंजमध्ये ऐकली आहेत आणि दर वेळी मला ती अयोग्य वाटली. घरातली माणसं गेलेल्यांच्या दुःखावर आपल्या आवडीनिवडीचा वाद घालू नये.

विलीनीकरणाने तिकिटं महाग झाली का?

दिल्ली-मुंबईसारख्या मार्गावर आधी पूर्ण सेवेच्या दोन कंपन्या होत्या, आता एक आहे. निवड कमी झाली हे उघड आहे. देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे नव्वद टक्के आता इंडिगो आणि एअर इंडिया समूह या दोघांतच वाटले गेलेत. दोघांचाच बाजार असेल तर प्रवाशाचा हात दबलेलाच राहतो. मात्र पोकळी फार काळ राहत नाही: विलीनीकरणानंतर दोनच दिवसांनी, १४ नोव्हेंबर २०२४ ला, इंडिगोने दिल्ली-मुंबई मार्गावर स्ट्रेच नावाचा बिझनेस वर्ग सुरू केला. इतकी वर्षं एकाच वर्गावर चालणाऱ्या कंपनीने नेमका तोच मुहूर्त धरला.

विस्ताराची क्रेडिट कार्डं अजून उपयोगाची आहेत का?

वर्षाला ठरावीक खर्च केला की फुकट तिकीट, हे त्या कार्डांचं खरं आकर्षण होतं. विलीनीकरणानंतर बँकांनी २०२५ च्या वसंतात ते लाभ काढून घेतले किंवा बदलले. ज्यांनी निव्वळ तिकिटासाठी कार्ड घेतलं होतं त्यांनी पुढच्या वर्षाची फी लागण्याआधी बँकेला फोन करून सध्याचे नियम लेखी मागून घ्यावेत.

पुन्हा एखाद्या कंपनीचं असं झालं तर काय करावं?

माझा एक जुना अनुभव आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. आई-बाबांना काशीला नेण्यासाठी मी तीन वर्षं माइल्स साठवले. बाबांना गंगेत उभं राहून अर्घ्य द्यायचं होतं. अजून थोडे साठले की चौघांची तिकिटं येतील, म्हणून थांबलो. त्या थांबण्यात मुदत संपली आणि निम्मे माइल्स गेले. पुढच्या वर्षी बाबाही गेले. तेव्हापासून मी पॉइंट्स साठवत नाही. एका माणसाचं तिकीट येईल एवढे झाले की वापरतो.

विलीनीकरणाची बातमी आली की पुढचं करावं. खात्याचं विवरण उतरवून घ्यावं: शिल्लक, पायरी, व्हाउचर आणि प्रत्येकाची मुदत. मागच्या काही महिन्यांतले जे प्रवास खात्यात जमा झाले नसतील त्यांचा दावा जुन्या कंपनीकडेच करावा. कंपनी बदलली की जुनी उड्डाणं शोधून काढणं अवघड जातं. अपग्रेडची व्हाउचरं असतील तर ती आधी वापरावीत, कारण पॉइंट्सचं रूपांतर आकड्यात होतं, व्हाउचरचं अटींत. आणि आपल्या आई-वडिलांची खाती आपणच बघावीत. त्यांना मेल येतो, ते तो उघडत नाहीत.

महाराजा क्लब हे नाव कुठून आलं?

एअर इंडियाचं बोधचिन्ह असलेला महाराजा मुंबईचाच. १९४६ मध्ये एअर इंडियाचे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीचे चित्रकार उमेश राव यांनी तो घडवला. त्याच वर्षी टाटा एअरलाइन्सचं नाव एअर इंडिया झालं होतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तिथून ही सगळी कथा सुरू होते. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. माझे आजोबा पार्ल्यात राहायचे आणि लहानपणी मला जुहूला नेऊन ‘इथे उतरले होते’ असं दाखवायचे. विस्तारा गेल्याचं वाईट वाटलं तरी तिचे पॉइंट्स महाराजाच्या खात्यात गेले याचं मला बरं वाटतं, त्यामागे हे कारण असावं.

शेवटच्या दिवसाचा बोर्डिंग पास जपून ठेवला आहे, पण अक्षरं पुसट होत चालली आहेत. काय करावं?

काउंटरवर किंवा किऑस्कवर मिळणारा पास बहुतेक वेळा उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदाचा असतो. त्यात शाई नसते. कागदावरचा लेप तापला की काळा पडतो, त्यातून अक्षरं उमटतात. म्हणून तो लॅमिनेट करू नका, यंत्राच्या उष्णतेने आख्खा काळा होईल. प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, त्यातल्या रसायनांनी अक्षरं उडतात. चिकटपट्टी लावू नका. साध्या कागदी लिफाफ्यात, अंधाऱ्या आणि कोरड्या कपाटात ठेवा. त्याआधी स्कॅन करा आणि चांगल्या कागदावर साध्या शाईने एक प्रत काढा.

माझ्या पासवरचा सीट क्रमांक आता दिसत नाही. तो ७ सी होता. पेन्सिलीने मागे लिहून ठेवला आहे.